विहिरीवर प्रश्न विचारणारी

आजचा शास्त्रभाग : योहान ४:१-४२

हा अध्याय मी तीनदा पुढे ढकलला आहे. रोज वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. योहान सुरू केलं, तिसरा अध्याय संपला आणि मी एकदम स्तोत्रांकडे वळले. मग नीतिसूत्रं. मग याकोबाचं पत्र. दोघातिघांनी विचारलंसुद्धा की ताई, चौथा अध्याय कुठे गेला? मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली.

आज सकाळी खाली टँकर आला. मे महिन्यात बिबवेवाडीच्या चढावरच्या सोसायट्यांना हे नवं नाही. पाइप टाकीत सोडला की सगळा जिना घुमतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू बादल्या घेऊन बाहेर येतात, टाकीवर त्यांचा विश्वास नाही. तो आवाज ऐकत बसले आणि वाटलं, आता पुरे. पाण्याचा अध्याय आहे, पाणी दारात आलंय, लिहून टाकू.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भर दुपार. शोमरोनातलं सुखार गाव. प्रभू चालून चालून थकलाय आणि याकोबाच्या विहिरीच्या कडेला बसलाय. एक बाई एकटीच पाण्याला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. पुढे जिवंत पाण्याचं बोलणं होतं, तिच्या पाच नवऱ्यांचं बोलणं होतं, आणि शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावत जाते. या अध्यायावरची प्रवचनं बहुतेक वेळा पाच नवऱ्यांपाशी अडकतात. मला ही गोष्ट पहिल्यांदा ज्यांनी समजावली त्या तिथे अडकल्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल पुढे लिहीन. आधी दुसऱ्या एका बाईची गोष्ट, जिला हीच गोष्ट लंडनमध्ये कळली, आणि जिच्या आयुष्याला त्यानंतर वळणच लागलं.

पंडिता रमाबाई. नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, एका ओळीत. समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. मीही तेवढंच जाणत होते. मग केडगावला गेले तेव्हा त्यांची ‘माझी साक्ष’ वाचली. लहानसं पुस्तक आहे, १९०७ सालचं, एका बैठकीत वाचून होतं. विश्वासाकडे आपण कसे आलो हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ते वाचून त्यांची पत्रं शोधली, आणि पत्रांनी मला दोन आठवडे झोपू दिलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, २३ एप्रिलचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. शेवटी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिले. तिथे रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या असताना घरानं तो आश्रमही सोडला. वेताच्या पेटाऱ्यात तान्ह्या रमाबाईंना घालून कोणाच्या तरी डोक्यावरून नेलं, आणि तिथून जी यात्रा सुरू झाली ती वीसेक वर्षं थांबली नाही. देवळाच्या ओवरीत बसायचं, पुराण वाचायचं, जे मिळेल त्यावर राहायचं, पुढच्या तीर्थाला निघायचं. मुलीला पाठ कोणी दिला? आईनं. पहाटे, बाकीची कामं सुरू व्हायच्या आत. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला तोंडपाठ होते.

मग दुष्काळ आला. जवळचं होतं ते दानधर्मात आणि व्रतांमध्ये गेलेलं, आणि हातानं काम करून पोट भरायचं शिक्षण घरात कोणालाच नव्हतं. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची वेळ आली तेव्हा खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. विशीच्या आतबाहेरची मुलगी, डोक्यात अख्खं भागवत, आणि पांघरूण म्हणून वाळू.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिथेच एका ख्रिस्ती मेळाव्यात कोणी तरी त्यांच्या हातात संस्कृतातलं पवित्र शास्त्र ठेवलं. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, ती भाषा त्यांना आपलीशी वाटलीच नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल.

पुढची चार वर्षं झपाट्यानं सांगते, कारण त्यांच्याही आयुष्यात ती तशीच गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला, जात सोडून, भाषा सोडून. पुढच्या वर्षी मनोरमा झाली. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्या ते वाचत राहिल्या. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल.

त्या पुण्याला आल्या. रानडे वगैरे मंडळींनी स्वागत केलं, आर्य महिला समाज सुरू झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक निघालं. याच दिवसांत त्यांचा संबंध पंचहौदशी आला. स्वारगेटहून पुढे गुरुवार पेठेत शिरलं की पवित्र नाम देवालयाचा तो उंच मनोरा दिसतो ना, तेच पंचहौद. तिथे वाँटेज नावाच्या इंग्लंडमधल्या गावच्या मठातून आलेल्या सिस्टर्स काम करत होत्या. नेहेम्या गोऱ्हे हेही त्या वर्तुळातले. मूळचे नीलकंठशास्त्री, चित्पावन, काशीत वाढलेले, संस्कृतात रमाबाईंशी टक्कर देऊ शकतील असे. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. सिस्टर्सनी मार्ग दाखवला : इंग्लंडला या, आमच्या मठात राहा, इंग्रजी शिका, आणि भारतात यायच्या तयारीत असलेल्या आमच्या सिस्टर्सना मराठी शिकवा. म्हणजे फुकट नव्हे, बरोबरीचा व्यवहार. प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’च्या पैशांतून उभा केला. धर्म बदलायला चाललेय असं त्यांच्या मनातही नव्हतं. १८८३ मध्ये त्या मनोरमाला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन वाँटेजला पोचल्या.

मठ म्हणजे काय, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सिनेमातच पाहिलंय. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की प्रार्थना, घंटा वाजली की जेवण, आणि ठरलेल्या वेळी मौन. सगळ्याच्या वर आज्ञापालनाचं व्रत. रमाबाई पाहुण्या होत्या, व्रतस्थ नव्हत्या, पण राहत होत्या त्याच भिंतींच्या आत. सिस्टर्सनी त्यांना एकदा हवापालट म्हणून लंडनच्या फुलहॅम भागातल्या आपल्या घरी पाठवलं. तिथे ज्यांना समाजानं पतित ठरवलं होतं अशा बायकांची सेवा चालायची. रमाबाईंनी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. त्यांना लहानपणापासून माहीत होतं ते एवढंच, की अशा बाईला गावाबाहेर काढतात, तिच्या सावलीलाही कोणी उभं राहत नाही. आणि इथे तर स्वच्छ कपड्यांतल्या कुलीन बायका त्यांच्या शेजारी बसत होत्या. त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? एका सिस्टरनं उत्तरादाखल योहानाचा चौथा अध्याय काढला आणि विहिरीवरची गोष्ट सांगितली.

रमाबाईंनी साक्षीत लिहिलंय त्याचा अर्थ असा, की त्या दिवशी त्यांना वाटलं, हिंदुस्थानातल्या चिरडलेल्या बायकांना उचलू शकेल असा कोणी असेल तर तो हाच. गोऱ्ह्यांच्या लिखाणानं डोक्यातल्या शंका दूर केल्या, या गोष्टीनं बाकीचं काम केलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी आनंदीबाई भगत यांनी तिथे आपलं जीवन संपवलं होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, एका मैत्रिणीचं प्रेत आणि एक बाप्तिस्मा, हे सगळं जवळजवळ एका दमात. साक्षीच्या पुस्तकात हे दुःख फार बोललेलं नाही. मला ते ओळींच्या मधे दिसतं.

इथवर आलं की लोक टाळी वाजवतात आणि पुस्तक मिटतात. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असं वाटतं.

सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, चक्क मराठीत. नात्यात माया होती यात शंका नाही. पण बाप्तिस्म्यानंतर आजीबाईंची अपेक्षा अशी, की आता लेकरानं मंडळीच्या शिकवणुकीपुढे मान तुकवावी. आणि हे लेकरू कोण? पंडितांच्या सभेत उभं राहून वाद घालत वाढलेलं.

रमाबाई अंडं खात नसत, अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. सिस्टर्सना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या जेवणाचा माझ्या विश्वासाशी काय संबंध? क्रूसावर लॅटिन अक्षरं का, हाही वाद झाला. मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायांनाही येत नाही, मग संस्कृत का चालू नये? आता तुम्ही म्हणाल किती क्षुल्लक. नाही हो. आपल्या मंडळीत आजही कोणती गाणी घ्यायची, ओव्या चालतील का, कुंकू-मंगळसूत्राचं काय, यावर घरं फुटतात. १८८५ मध्ये त्या हेच विचारत होत्या : ख्रिस्ताची व्हायला मी इंग्लिश व्हायला हवं का?

पुढचा वाद जास्त खोल होता. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकत आणि शिकवत होत्या. कानांना नीट ऐकू येईना, त्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मागे पडलं होतं. भारतात येणार असलेल्या तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावं अशी एक कल्पना निघाली. भारतातल्या बिशपांपर्यंत ही गोष्ट गेली आणि तिकडून नकार आला. एका स्त्रीनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, तिच्या देशातले लोक काय म्हणतील! रमाबाईंना याचा राग आला की हसू, कोण जाणे. माझ्या देशातल्या पुरुषांपुढे मी लहानपणापासून बोलत आलेय, असं त्यांनी कळवलं, आणि वर हेही विचारलं की माझ्यासाठी हा निर्णय घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. शिवाय त्रैक्याबद्दलचे प्रश्न होते. मंडळीच्या मतांगीकारातली काही वाक्यं त्यांना शास्त्रात सापडत नव्हती, आणि जे सापडत नाही ते केवळ सांगितलं म्हणून त्या म्हणायला तयार नव्हत्या. माझा बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत झाला आहे, फक्त इंग्लंडच्या मंडळीत नव्हे, ही त्यांची भूमिका.

आजीबाईंना यात गर्व दिसला. पत्रामागून पत्र. एकीकडून काळजी, ताकीद, दुखावलेपण. दुसरीकडून युक्तिवाद, प्रेम, पुन्हा युक्तिवाद. दोघींपैकी एकही मागे हटत नाही आणि दोघींपैकी एकही लिहायचं थांबत नाही.

आता पुन्हा योहान ४ उघडा. प्रभूनं त्या बाईचं खाजगी आयुष्य तिच्यापुढे मांडलं. आपण असतो तर खाली मान घालून निघून गेलो असतो. तिनं काय केलं? धर्मशास्त्रातला सर्वांत भांडणाचा प्रश्न विचारला. आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करत आले, तुम्ही यरुशलेमेत करा म्हणता, खरं कोणतं? टीकाकार म्हणतात तिनं विषय बदलला. मला नाही तसं वाटत. जो मला एवढं ओळखतो त्यालाच हे विचारावं, असं तिला वाटलं असणार. आणि प्रभूनं तिला गप्प केलं नाही. आधी पाप सोड, मग प्रश्न विचार, असंही म्हणाला नाही. त्यानं तिला पूर्ण उत्तर दिलं, डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही असं. आणि त्यानंतरच, आपण मसीहा आहोत हे तिला सांगितलं. शिष्य परत आले तेव्हा हा एका बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

सिस्टर्सनी रमाबाईंना हीच गोष्ट दिली होती. मग रमाबाई त्या गोष्टीतल्या बाईसारख्या वागायला लागल्या तेव्हा सिस्टर्सना नवल वाटलं. विहिरीवर आणलं तर प्रश्न येणारच ना.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथे भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक लिहून पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई मुलीबरोबर प्रार्थना करताना दार लावत नसत, आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. मी ख्रिस्ती असूनही सांगते, त्या पालकांची भीती मला समजते. विश्वासानं मुलगी सोपवली होती. उघडं दार हा फक्त रमाबाईंचा हक्क होता की त्यात आमंत्रणही होतं? थोडं होतंच. आणि तरी याच सदनातल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाल्या, ख्रिस्ती न होता, हेही खरंच.

याच काळात, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं होऊन गेल्यावर, रमाबाईंच्या आत काहीतरी घडलं. साक्षीतला हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्या कबूल करतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला केव्हाच मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळायचा राहून गेला होता. विचार करा. देशभर नाव झालेलं, ख्रिस्ती झाल्यामुळे शिव्याही खाऊन झालेल्या, आणि आता ही बाई म्हणते, मुख्य गोष्ट राहिलीच होती.

गंमत म्हणजे जवळपास त्याच वर्षांत फ्रान्समध्ये युइस्मांस नावाचा एक कादंबरीकार अशाच घालमेलीत होता. पॅरिसच्या साहित्यात रमलेला हा माणूस १८९२ च्या उन्हाळ्यात इन्यी इथल्या ट्रॅपिस्ट मठात काही दिवस राहून आला, आणि १८९५ मध्ये त्यावर त्यानं कादंबरी लिहिली, ‘आं रूत’, म्हणजे ‘वाटेवर’. नायकाचं नाव वेगळं, बाकी सगळा तो स्वतः. मठाची त्याला ओढही आहे आणि धास्तीही. पुढे तो मठाच्या शेजारी घर बांधून राहिला, दीक्षा न घेता, उंबरठ्यावर. रमाबाईंचं आणि त्याचं काही नातं नाही, पण दोघांची पुस्तकं पाठोपाठ वाचली तर कळतं की विश्वास एका तारखेला होत नाही आणि मठाबाहेर राहूनही मठ माणसाला सोडत नाही.

कारण बघा पुढे काय झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणीचा उपास अंगात मुरलेला, त्यामुळे त्यांना राहवलं नाही. मुलींच्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक, म्हणून केडगावच्या आपल्या जमिनीवर झोपड्या, तंबू उभे केले. विहिरी खणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शाळा, माग, तेलघाणा, गाईगुरं, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आणि ज्या बायकांना फुलहॅमच्या घरात त्यांनी पाहिलं होतं, तशा इथल्या बायकांसाठी कृपासदन. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं, शेवट प्रार्थनेनं, सगळ्यांचं जेवण एकत्र, साधे पांढरे कपडे, कोणाचंही स्वतःचं असं काही नाही. आज्ञापालनाचं व्रत जिनं घेतलं नाही, तिनं भीमेच्या खोऱ्यातल्या माळरानावर जवळजवळ मठच उभा केला की. दोन हजार जणींच्या घरात रांग लागते, वेळ लागते, एकाचा शब्द शेवटचा लागतो. आजीबाई काय सांगत होत्या हे रमाबाईंना तेव्हा आठवलं असेल का, असा प्रश्न मला केडगावच्या देवळात बसले असताना पडला होता.

तुम्ही अजून गेला नसाल तर जा. पुणे स्टेशनवरून दौंडची लोकल पकडायची. हडपसर, लोणी, उरुळी, यवत, खुतबाव, केडगाव. उन्हाळ्यात खिडकीतून फुफाटा येतो, पण पोचल्यावर झाडी आहे.

शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी एका कामाला दिली. पवित्र शास्त्राचं मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर. त्यासाठी त्या दोन्ही भाषा उतारवयात शिकल्या. जुळवणी, छपाई, बांधणी मुक्तीतल्या बायकांनीच केली. आठवतं, कलकत्त्याला संस्कृत शास्त्र वाचवेना म्हणून त्यांनी ठेवून दिलं होतं? आता त्याच संस्कृत पंडितेनं ठरवलं की जड शब्द नकोत. दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षर ओळखू लागलेली मुलगी एकटी बसून वाचू शकेल अशी मराठी हवी. तिला समजावून सांगायला मध्ये कोणी लागू नये. मला यात त्या जुन्या भांडणाचं उत्तर दिसतं. माझ्या देशातल्या बायांना लॅटिन येत नाही, असं म्हणणारी बाई तीस वर्षांनी त्या बायांच्या हातात त्यांच्या भाषेतलं शास्त्र ठेवत होती. वाचा आणि विचारा.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२. संपूर्ण शास्त्र छापून निघालं ते १९२४ साली.

आणि ती पत्रं? ती आपल्याला वाचायला मिळतात कारण सिस्टर जेराल्डीननी ती ठेवली. सगळी. ज्यांत रमाबाईंनी त्यांना सुनावलंय तीसुद्धा, ज्यांत त्यांची स्वतःची बाजू लंगडी पडते तीसुद्धा. जपली, लावून ठेवली, आणि १९७७ मध्ये ती मुंबईत पुस्तकरूपानं निघाली. ज्या मुलीनं आपलं ऐकलं नाही तिच्या प्रत्येक कागदाची घडी जपणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता ज्यांच्याबद्दल पुढे लिहीन म्हटलं होतं त्या. मी नगरहून पुण्याला नोकरीला आले तेव्हा बावीस वर्षांची होते, पवित्र शास्त्र बॅगेच्या तळाशी. त्या इथेच बिबवेवाडीत राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही वाचायचो, मेथी निवडता निवडता. योहान ४ त्यांनीच शिकवला. घागर तिथेच राहिली, त्याकडे लक्ष दे, म्हणाल्या होत्या, पाण्याला आलेली बाई पाणी विसरून गेली. मग एका सहभागितेत मी एक प्रश्न विचारला. कोणता ते महत्त्वाचं नाही. सगळ्यांसमोर विचारला, आणि माझा आवाजही चढला होता. मावशी म्हणाल्या, आधी ऐकायला शिक. मी उठून आले. दोन वर्षं झाली. आमच्या घरांत चालत दहा मिनिटांचं अंतर आहे आणि मी गंगाधामकडून वळसा घालून जाते.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी मार्केटयार्डात भाजी घेताना भेटली. बोलता बोलता म्हणाली, आई तुझं रोजचं वाचते गं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी छापून आणून देते. फायलीत लावलंय सगळं, तारखेप्रमाणे. तू तिला न आवडणारं लिहितेस त्या पानांवर पेन्सिलनं खुणा करते आणि तरी फायलीत लावते.

मी हातातली कोथिंबीर परत ठेवली आणि तशीच घरी आले.

मावशी, हे पान तुमच्यापर्यंत उद्या पोचेल. माझा प्रश्न अजून तोच आहे, आणि तुमचं उत्तर मला अजून पटलेलं नाही. पण त्या दिवशी मी आवाज चढवला, ते चुकलंच. गुरुवारी मी मेथी घेऊन येते. घरी असाल ना?

उद्याचा शास्त्रभाग : योहान ४:४३-५४